क्रोमखालची कॅप्टन अमेरिका

जुनी बुलेट किंवा जावा पूर्ववत करायला घेतली की निदान कुठं पोचायचं ते ठाऊक असतं. कंपनीचं पार्ट-बुक असतं, जाहिरातीतले फोटो असतात, आणि ‘हा नट मूळचा नाही’ असं तोंडावर सांगणारे दर्दी तर गावोगाव भेटतात. कस्टम गाडीचं तसं नाही. ती कारखान्यातून बाहेर पडल्यावर कुणीतरी कापलेली, लांबवलेली, सोललेली असते. तिचं मूळ रूप एका मिस्तरीच्या डोक्यात होतं. तो मिस्तरी राहिला नाही आणि त्यानं कागदावर काही उतरवलंही नाही, तर पूर्ववत म्हणजे नक्की कशासारखं?

जगातली सर्वांत प्रसिद्ध कस्टम मोटरसायकल याच प्रश्नापाशी अडली आहे. ‘इझी रायडर’ हा चित्रपट १९६९ साली आला. त्यात पीटर फोंडा जिच्यावर मागं रेलून अमेरिका ओलांडतो, ती ही ‘कॅप्टन अमेरिका’. पेट्रोलच्या छोट्याशा टाकीवर अमेरिकेचा झेंडा, पुढं लांबच लांब निघालेला फोर्क, पुढच्या चाकाला मडगार्ड नाही, ब्रेकही नाही. आणि क्रोम. फ्रेमसकट सगळीकडे क्रोम.

ही चमचमती बाई मुळात पोलिसात नोकरीला होती. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी मोडीत काढलेल्या हार्ली-डेव्हिडसन लिलावात घेतल्या होत्या, एकेक सुमारे ५०० डॉलरला, असं फोंडा सांगत असे. पॅनहेड इंजिनच्या, साधारण १२०० सीसीच्या, मागं सस्पेन्शन नसलेल्या या गाड्या. त्यांतून चित्रपटासाठी चार चॉपर, म्हणजे अशा कापून-लांबवून केलेल्या गाड्या, बांधल्या गेल्या, फोंडाच्या दोन आणि त्याचा सहनट डेनिस हॉपरच्या दोन. त्यांची कल्पना आणि जुळवाजुळव क्लिफ व्हॉन यांची. हे गृहस्थ नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते, छायाचित्रकार आणि रेडिओचे बातमीदार. प्रत्यक्ष बांधणीत मुख्य हात बेन हार्डी यांचा. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वस्तीत त्यांचं गॅरेज होतं. दोघंही कृष्णवर्णीय आणि दोघांचंही नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही. कित्येक वर्षं लोक समजत राहिले की गाडी फोंडानंच घडवली. चित्रपटातही कृष्णवर्णीय माणसं दिसतात ती रस्त्याच्या कडेला, धावत्या गाडीवरून, ओझरती.

पुढची हकिगत गुंत्याची आहे. चारांतल्या तीन गाड्या चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच चोरीला गेल्या. उरली ती शेवटच्या प्रसंगात मोडलेली. ती डॅन हॅगर्टी या नटाकडे गेली आणि त्यानं ती पुन्हा उभी केली. पुनर्बांधणी झालेली अशी एक ‘कॅप्टन अमेरिका’ आयोवातल्या अ‍ॅनामोसाच्या मोटरसायकल संग्रहालयात अनेक वर्षं होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात तिचा लिलाव झाला आणि बोली १३ लाख ५० हजार डॉलरवर थांबली. पण त्याच सुमारास उघड झालं की टेक्सासमध्ये दुसरी एक ‘खरी’ गाडी आहे आणि तिच्याही खरेपणाच्या दाखल्यावर सही हॅगर्टीचीच आहे.

गाडी समोर उभी असताना ती कोणती हे ठरवता येऊ नये, याचं एक कारण कागदोपत्री आहे. हार्लीच्या फ्रेमवर गाडीचा क्रमांक कोरायची पद्धत १९७० पासूनची. त्याआधी क्रमांक फक्त इंजिनवर. म्हणजे या काळातल्या फ्रेमला स्वतःची ओळखच नाही. मग ओळख उरते ती हातकामाची: नळी कुठं कापली, मानेचा कोन बदलताना वेल्डिंग कसं ओढलं, कानस कुठवर फिरवली. दुसरं कारण असं की हीच खूण पुसल्याशिवाय क्रोम चढत नाही.

हे समजायला प्लेटिंगवाल्याकडे उभं राहावं लागतं, मग तो लॉस एंजेलिसचा असो वा आपल्या एमआयडीसीतला. गिऱ्हाईक ‘क्रोम मारून द्या’ म्हणतं, पण क्रोम हा त्यातला सर्वांत थोडक्या वेळाचा भाग आहे. जेमतेम काही मिनिटांचा. आधी जुना थर उलटा करंट देऊन किंवा आम्लात उतरवायचा. मग खाली जे दिसतं ते पाहून बरेच मालक गप्प होतात. गंजानं लोखंडाला टाचणीच्या टोकाएवढ्या खळ्या पाडलेल्या असतात. त्या घासून काढल्या तर नळीची जाडी जाते आणि ठेवल्या तर क्रोमखालून डोकावतात. म्हणून तांब्याचा जाड थर द्यायचा, बफवर घासायचा, पुन्हा तांबं, पुन्हा बफ. खळी भरून सपाट होईतो हे चालतं. बफवाला भाग चाकाला लावतो तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे झालेले असतात आणि नजर फक्त एका गोष्टीवर असते: ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नळीवरून सरळ धावतंय की मध्येच लचकतंय.

तांब्यावर निकल, साधारण वीस ते तीस मायक्रॉन. आपण ज्याला क्रोमची चकाकी म्हणतो ती बहुतांशी या निकलची. त्यावर क्रोमिअमचा थर असतो जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. त्याचं काम निकलला पिवळं पडू न देणं, कठीणपणा देणं आणि ती किंचित निळी झाक आणणं. हा थर सूक्ष्म भेगांचा असतो, त्यातून पाणी खाली जातंच. म्हणून वर्षभरात तांबूस ठिपके फुटले तर दोष क्रोमचा नसून निकलमध्ये केलेल्या काटकसरीचा असतो.

क्रोमचं द्रावण लालभडक तपकिरी. लिटरला अडीचशे ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याचा शंभरावा हिस्सा गंधकाम्ल. करंटचा बराचसा भाग हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यातच वाया जातो. शिवाय हे प्लेटिंग मोठं आडमुठं: उंचवट्यावर भरभरून बसतं, कोपऱ्यात शिरायला तयार नसतं. चॉपरच्या फ्रेमला तर कोपरेच कोपरे. मानेखाली, इंजिनाच्या बैठकीत, जिथं नळ्या मिळतात तिथं वेगळे अ‍ॅनोड आत घालावे लागतात. पोकळ नळीत आम्ल राहिलं तर महिन्यांनी जोडातून पाझरतं. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत तापवले नाहीत, तर चालत्या गाडीखाली तुटतात. अशा भागांना चकाकीचा हट्ट करू नये, असं माझं मत. जुन्या चॉपरवाल्यांनी ते ऐकलं असतं असं मात्र वाटत नाही.

आता या घासाघाशीत बेन हार्डींच्या हाताचं काय होतं ते पाहा. त्यांचं वेल्डिंग आधी त्यांच्याच काळात क्रोमसाठी गुळगुळीत झालं. मोडल्यावर ती जागा पुन्हा जोडली, पुन्हा घासली, पुन्हा तांब्यात बुजवली. गाडी जितकी देखणी होत गेली तितका तिचा पुरावा झिजला. झीज, ओरखडे, निळसर पडलेले सायलेन्सर जपून फक्त साफसफाई करणारे जीर्णोद्धारक आहेत, आणि अशा गाडीसाठी मला तीच वाट बरी वाटते. बाजाराला मात्र आरसा हवा असतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं १९९८ मध्ये मोटरसायकलींचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा या चॉपरची सरळ प्रतिकृतीच मांडली, आणि प्रतिकृती म्हणूनच मांडली. सगळ्या प्रकरणात हाच व्यवहार मला स्वच्छ वाटतो.

तो लालभडक हौदही आता फार दिवसांचा सोबती नाही. त्यातलं षट्संयुजी क्रोमिअम कर्करोगकारक आहे; कॅलिफोर्नियाच्या हवा नियामक मंडळाच्या हिशेबात डिझेलच्या धुरापेक्षा ५०० पट विषारी. मे २०२३ मध्ये मंडळानं शोभेच्या क्रोमसाठी त्याचा वापर २०२७ पासून, काही अटी पाळणाऱ्यांसाठी २०३० पासून, बंद करायचा नियम केला. हौदाशेजारी काम करणाऱ्यांसाठी आणि त्या कारखान्यांच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांसाठी हे उशिराच झालं. पर्याय त्रिसंयुजी क्रोमचा आहे, चांगला आहे, पण त्याची झाक जराशी वेगळी, बहुधा किंचित काळसर किंवा उबदार. जीर्णोद्धार करणाऱ्याची पंचाईत इथंच होते. जुना फोर्क आणि नवा हँडल उन्हात शेजारी आले की फरक कळतो. म्हणून जाणती मंडळी गाडीचे सगळे भाग एकाच वेळी, एकाच हौदात द्यायला सांगतात आणि बिल जास्त आलं तरी सुट्या भागाचं काम घेत नाहीत.