लाल पेन जरा बाजूला ठेवूया

गटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्याइतकीच मुलांच्या इंग्रजीची चर्चा होते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी आठवी-नववीतलं पोर मनातल्या चार ओळी इंग्रजीत लिहायला घाबरतं. घाबरणारच! जे लिहावं त्यावर लाल पेन फिरतं.

यावर काही शिक्षक संवाद-वही वापरतात. मुलगी रोज तीन-चार ओळी लिहिते. शेळी व्याली, आजी रुसली, काहीही. बाई चूक खोडत नाहीत, पत्रासारखं उत्तर लिहितात. समजा तिनं लिहिलं, ‘यस्टरडे आय गो टू मार्केट.’ बाई खाली लिहितात, ‘ओह, यू वेंट टू द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?’ ‘गो’चं ‘वेंट’ झालेलं तिला दिसतं. ‘द’ही दिसतो. मराठीत असा शब्दच नाही, म्हणून तो आपल्या पोरांकडून सुटतो. त्यात आळस नाही. शिवाय बाईंनी प्रश्न विचारलाय, म्हणजे उद्या उत्तर लिहिणं आलंच.

परीक्षेला एवढं पुरत नाही, व्याकरण वेगळं शिकावं लागतंच. पण हात मोकळा होतो.

आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी शेजारी बसा. ‘काय लिहिलंस, मराठीत सांग,’ म्हणा. उत्तर कॉलेजला जाणारी शेजारची ताई लिहील. वही मात्र चारचौघांत वाचून दाखवू नका. मी एकदा कौतुकानं पाहुण्यांना दाखवली, सगळे हसले. भाचीनं पुढे दोन महिने वही उघडली नाही.