पोलीस हलले नाहीत, तर?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या. भाचीवर अत्याचार झाला, तक्रार दिली, सहा महिने झाले, पुढं काहीच नाही. त्यांनी विचारलं, "सर, म्हणजे संपलंच का सगळं?" आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, वकील नव्हे. पण हा प्रश्न 'सिद्ध होणं म्हणजे काय' इथवर जातो, म्हणून आज तोच घेऊ.

फौजदारी वाट लगेच बंद होत नाही. ठाण्यात नोंद झाली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि तिथंही दाद नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं.

आता मुख्य मुद्दा. फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथं एका माणसाला तुरुंगात धाडायचं असतं. दिवाणी न्यायालय एवढंच बघतं, की संभाव्यतेचं पारडं कुणाकडे झुकतंय. वर्गात मुलं हमखास अडायची : सत्य एक, मग निकाल दोन कसे? बघा, सत्य एकच असतं. पण आपला निष्कर्ष चुकला तर त्याची झळ कुणी सोसायची, याचं उत्तर ही दोन न्यायालयं वेगवेगळं देतात. तेव्हा पोलिसांनी 'पुरावा पुरेसा नाही' म्हटलं, याचा अर्थ 'घडलंच नाही' असा होत नाही. हे दोन अर्थ आपण फार सहज एक करून टाकतो, घरातसुद्धा.

नुकसानभरपाईचा दिवाणी दावा ती स्वतः लावू शकते, पोलिसांच्या परवानगीची गरज नाही. पण पुरावाही तिलाच गोळा करावा लागतो, उलटतपासणी चुकत नाही, वर्षं जातात आणि समोरच्याकडे मालमत्ताच नसेल तर हुकूमनामा नुसता कागद राहतो. खोटी आशा आम्ही देणार नाही.

म्हणून जवळच्या वाटा आधी बघाव्यात. अत्याचार करणारा घरातला असेल, नवरासुद्धा, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो. संरक्षणाचा आदेश आणि भरपाई, दोन्ही मागता येतात, एफआयआरशिवाय. कामाच्या ठिकाणचा प्रकार असेल तर 2013 चा कायदा आहे. मालकाविरुद्धच तक्रार असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत साधारण तीन महिन्यांची, ती मात्र विसरू नये.

सरकारचीही जबाबदारी असते. हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी स्त्रीवर अत्याचार झाला. चंद्रिमा दास या वकील बाईंनी उच्च न्यायालयात रिट याचिका केली आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेनं दहा लाख रुपये द्यावेत हा आदेश कायम ठेवला. त्या स्त्रीनं दिवाणी दावा लावायला हवा होता, हा रेल्वेचा युक्तिवाद टिकला नाही.

त्या बाईंना आम्ही एवढंच सांगितलं : जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रीला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पीडितांच्या भरपाईचा अर्जही तिथंच करायचा. जाताना दवाखान्याचे कागद, मोबाईलमधले मेसेज आणि ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच बरोबर न्या. पोच मिळाली नसेल, तर तोच अर्ज आज स्पीड पोस्टानं धाडा आणि पावती जपून ठेवा.