माळढोक, माळरान आणि चराई : खर्डा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
खर्डा हे गाव १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे सर्वपरिचित आहे. जामखेड तालुक्यातील हा परिसर पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. रब्बी ज्वारी, मेंढपाळी आणि उघडी माळराने ही येथील ग्रामजीवनाची जुनी ओळख होय. महसुली भाषेत मात्र माळरान म्हणजे 'पडीक' जमीन. या एका शब्दाने पक्षिजीवनाचे किती नुकसान केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माळरान : एक स्वतंत्र परिसंस्था
माळरान म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. कमी पाऊस व उथळ, मुरमाड जमीन यांमुळे येथे वृक्षांऐवजी कुसळी, मारवेल, पवन्या यांसारखी गवते वाढतात. माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी दूरच्या उत्तरेकडून येथे येतात. या सर्वांत मोठा पक्षी म्हणजे माळढोक. सुमारे एक मीटर उंचीचा हा पक्षी टोळ, भुंगेरे, सरडे, धान्य व बोरे खातो. मादी बहुधा एका विणीत एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. साहजिकच एक अंडे तुडवले गेले तरी त्या विणीचे सर्व श्रम वाया जातात.

चराईचा दुहेरी परिणाम :
चराई ही पक्ष्यांची शत्रूच आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अर्धसत्य आहे. अतिचराईने गवत मुळापर्यंत संपते, कीटक घटतात, तसेच कळपाबरोबरच्या कुत्र्यांमुळे घरटी उधळतात. याउलट चराई पूर्णतः थांबली तर गवत दाट व उंच होते, झुडपे माजतात आणि धाविक, माळटिटवी यांसारख्या आखूड गवतात वावरणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. मर्यादित चराईमुळे कोठे उंच, कोठे आखूड अशी गवताची विविधता टिकते. शेणावर वाढणारे भुंगेरेही पक्ष्यांचे खाद्य ठरतात. म्हणून प्रश्न 'चराई हवी की नको' हा नसून ती किती, कोठे व केव्हा, हा आहे.

अभयारण्याचा अनुभव :
१९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौ. कि.मी. क्षेत्राचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. जामखेडशेजारचा कर्जत तालुका त्यात होता. शेती, गावे, बाजारपेठा यांसह तालुकेच्या तालुके समाविष्ट झाल्याने जमिनीचे व्यवहार व विकासकामे अडली आणि पक्ष्याविषयी आपुलकीऐवजी रोष निर्माण झाला. २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी. इतके करण्यात आले. मध्य प्रदेशातील करेरा येथेही लोकांचा असाच विरोध झाला आणि १९९० च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला. कागदावरचे विस्तीर्ण क्षेत्र म्हणजे संरक्षण नव्हे, हा या दोन्ही उदाहरणांचा धडा होय.

दरम्यान माळरानांवर वृक्षलागवड झाली, सिंचनाबरोबर ज्वारीच्या जागी ऊस आला आणि विजेच्या तारांचे जाळे पसरले. जड शरीर व समोरचे कमी दिसणे यांमुळे माळढोक तारांवर आदळतो. २०११ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. आज बहुतांश माळढोक राजस्थानात आहेत. नान्नज परिसरात एखाददुसराच दिसतो.

उपाययोजना :
१) पावसाळा हा माळढोकाच्या विणीचा प्रमुख काळ. नेमक्या याच काळात स्थलांतरित मेंढपाळ कोकणातून माळावर परततात. त्यामुळे सरसकट बंदीऐवजी गायरानाचे निवडक भाग विणीपुरते आळीपाळीने बंद ठेवावेत.
२) हा निर्णय ग्रामसभा व मेंढपाळ यांच्या संमतीने व्हावा, बंद काळासाठी त्यांना चाऱ्याची पर्यायी सोय मिळावी.
३) नैसर्गिक माळरानावर वृक्षलागवड करू नये.
४) महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व भूगोल विभागांनी परिसरातील गायरानांच्या वार्षिक नोंदी ठेवाव्यात.

समारोप :
माळढोक खर्ड्याच्या माळावर पुन्हा येईल, असे आश्वासन देता येत नाही. परंतु माळटिटवी, धाविक, चंडोल यांना राखणे अजूनही हाती आहे. त्यासाठी मेंढपाळाला गुन्हेगार न ठरवता सहभागी करून घेणे आणि 'पडीक' हा शब्द आपल्या विचारातून काढून टाकणे, ही पहिली पायरी ठरेल.