स्पिरुलिना: रक्त वाढतं का, किडनीला चालतं का?

स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांबद्दल हल्ली बरीच विचारणा होते. म्हणून थोडक्यात माहिती.

स्पिरुलिना हे खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात वाढणारं निळं-हिरवं शेवाळ. आपल्या लोणार सरोवरातही ते सापडतं. मात्र खाण्यासाठी ते स्वच्छ टाक्यांत वाढवलेलंच हवं.

रक्त: 100 ग्रॅम भुकटीत सुमारे 28 मिग्रॅ लोह असतं. ऐकायला भारी वाटतं, पण रोजचा डोस 3 ग्रॅम धरला तर मिळतं 1 मिग्रॅपेक्षाही कमी. 100 ग्रॅम बाजरीच्या पिठात 6 मिग्रॅच्या आसपास असतं! 2011 मध्ये पन्नाशीपुढच्या 40 जणांना स्पिरुलिना देऊन 12 आठवड्यांचा अभ्यास झाला. लाल पेशींतलं हिमोग्लोबिन सरासरीने वाढलं, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि स्पिरुलिनातलं बहुतेक बी-12 आपल्या शरीराला वापरता येत नाही, हे शाकाहारींनी लक्षात ठेवावं.

किडनी: स्पिरुलिनातल्या फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याने उंदरांच्या किडनीचं औषधांच्या दुष्परिणामांपासून रक्षण झालेलं दिसलं. माणसांत तसा ठोस पुरावा नाही. उलट भेसळीच्या मालात शिसं, पारा किंवा विषारी शेवाळ असू शकतं.

क्रिएटिनिन वाढलेलं असेल, डायलिसिस चालू असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाकीच्यांनी एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहूनच घ्यावं. अशक्तपणा वाटत असेल तर आधी सीबीसी ही रक्ततपासणी करा, गोळ्या नंतर!