औषधाची चिठ्ठी कोणी लिहावी?

मन आजारी पडले असता कोणाकडे जावे, असे विचारल्यास दोन नावे सांगण्यात येतात : मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. पुष्कळांस हे दोघे एकच वाटतात. वस्तुतः तसे नाही. पहिला आधी शरीराचा डॉक्टर होतो आणि मग मनाच्या विकारांकडे वळतो. दुसरा मनाचे शास्त्र शिकून, रोग्याशी बोलून व कसोट्या घेऊन उपचार करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १०६ वे कलम आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राबाहेरील औषध सुचविण्यास मनाई करते. सबब मानसशास्त्रज्ञास आपल्या देशात औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

हा अधिकार त्यास द्यावा काय? हा वाद केवळ पंडितांचा आहे, असे आम्हां खानदेशवासीयांनी मानू नये. महाराष्ट्रातील चार जुनी सरकारी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. धुळे व जळगाव येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत खरी, परंतु चोपड्याकडील खेडे किंवा साक्रीकडील पाडा तेथून दूरच. रोग्याबरोबर घरचे एक माणूस यावयाचे म्हणजे दोघांची मजुरी बुडते. जवळच कोणी जाणता चिठ्ठी लिहून देईल तर बरे, असे त्या कुटुंबास वाटल्यास नवल ते काय?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको संस्थानाने २००२ साली मानसशास्त्रज्ञांस हा अधिकार दिला. तेथेही खेड्यापाड्यांत मनोविकारतज्ज्ञांची वाणच होती. तथापि अट पाहावी : डॉक्टरेट मिळविलेल्या मानसशास्त्रज्ञाने निदान ४५० तास औषधशास्त्रादी विषय शिकावे, मग देखरेखीखाली ४०० तासांत निदान १०० रोग्यांवर उपचार करावे, आणि त्यानंतरही पहिली दोन वर्षे डॉक्टरच्या नजरेखालीच चिठ्ठ्या लिहाव्या. इतके करूनही हे शिक्षण अपुरे आहे, असे म्हणणारे डॉक्टर तेथे पुष्कळ आहेत.

इतकी सावधगिरी कशासाठी, हे एका औषधावरून कळेल. रसायनशास्त्राच्या वर्गात मुले ज्यास तिसरे मूलद्रव्य म्हणून ओळखतात, त्या लिथियमचे क्षार उन्मादाच्या विकारावर गुणकारी आहेत, हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली दाखविले. त्याचे रक्तातील प्रमाण साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल असावे लागते, १.५ च्या वर गेले की विषबाधेची भीती. आता जळगावचा मे महिना डोळ्यांपुढे आणावा. पारा ४४-४५ अंशांवर, आणि केळीच्या बागेत दिवसभर राबणारा मजूर. घामावाटे पाणी व मीठ गेले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. त्यातच त्याने अंगदुखीची एखादी गोळी घेतली तर प्रमाण आणखी चढते. हात थरथरतात, तोल जातो, ओकाऱ्या होतात. आणि घरच्यांस वाटते, ऊन लागले. या रोग्याचे मन ज्याने उत्तम ओळखले आहे, त्यास त्याची मूत्रपिंडे ओळखता आली नाहीत तर त्या ज्ञानाचा उपयोग किती?

उलट प्रकारही घडतो. उदास, मंद, सदा थकलेली स्त्री मनाने खचली आहे असे समजावे, आणि दोष मात्र निघावा तिच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा.

आपल्या राज्यात हाच प्रश्न दुसऱ्या वेषाने आलेला आहे. २०१४ साली कायदा दुरुस्त करून, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांस आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी करण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांनी संपही केला. होमिओपॅथाने निदान शरीररचना व रोगविज्ञान आधी शिकलेले असते. मानसशास्त्रज्ञास तेथूनच आरंभ करावा लागेल. दोन्ही बाजू एक वर्ष की दोन, यावरच भांडताना पाहून आम्हांस खेद होतो. किती रोगी पाहिले, कोणाच्या देखरेखीखाली पाहिले, आणि रक्ततपासणीचा कागद वाचता येतो की नाही, हे आधी विचारले पाहिजे.

तोवर मानसशास्त्रज्ञाचे हात अगदीच बांधलेले आहेत असे नव्हे. रोग्यास पाणी किती पितो, दुसऱ्या कोणत्या गोळ्या घेतो, हे विचारून संशय येताच डॉक्टरकडे धाडणे कोणत्याही कायद्याने मना नाही. शिवाय २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. साक्रीच्या पाड्यावरूनही हा क्रमांक लावता येतो.