पलटण पुण्याची, मुळे कोठली?

‘खेळून पोट भरणार आहे काय?’ असे माणदेशातील एखाद्या बापाने आपल्या मुलाला विचारले, तर त्याला दोष देता येणार नाही. पावसाने पिढ्यान्‌पिढ्या दगा दिलेल्या या तालुक्यात प्रत्येक गोष्ट शेवटी भाकरीच्या मापाने मोजावी लागते. दहिवडी-म्हसवडच्या परिसरातील मुलगा शाळेच्या मैदानावर कितीही चपळ चढाई करो, दहावीनंतर त्या चपळाईचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहतोच. या प्रश्नाला महाराष्ट्राने आजवर दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर नोकरीचे, दुसरे व्यावसायिक संघाचे. हे दुसरे उत्तर कितपत भरवशाचे आहे, हे ‘पुणेरी पलटण’ या कबड्डी संघाच्या इतिहासावरून तपासून पाहण्यासारखे आहे.

नोकरीचे उत्तर जुने आणि परिचित आहे. पोलीस, रेल्वे, बँका, मोठे कारखाने यांनी आपापले संघ ठेवले. खेळाडूला पगार मिळाला, संस्थेला चषक मिळाले. मोहीसारख्या छोट्या गावात खो-खोने सुरुवात करणाऱ्या ललिता बाबर या याच वाटेने पुढे गेल्या. २०१५ साली चीनमधील वुहान येथे त्यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसचे आशियाई सुवर्णपदक मिळविले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक पटकावला. धावण्याला आधार होता तो रेल्वेच्या नोकरीचा. पुढे त्या राज्य शासनाच्या महसूल सेवेत गेल्या. शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के राखीव जागा हा याच विचाराचा विस्तार होय. या व्यवस्थेने अनेक घरे सावरली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मात्र तिच्यात खेळाची किंमत खेळ म्हणून ठरत नव्हती. ती नोकरीच्या आडोशाने मिळत होती.

ही रीत २०१४ साली बदलली. त्या वर्षी आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंचा उघड लिलाव झाला. पहिल्या लिलावातील सर्वांत मोठी बोली होती राकेशकुमार याच्यासाठी, १२ लाख ८० हजार रुपयांची. ज्या खेळाला लागते ते केवळ मातीचे मैदान आणि छातीतील दम, त्या खेळाला बाजारभाव फुटला. महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबई आणि पुणे असे दोन संघ आले. मुंबईच्या संघाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि २०१५ साली विजेतेपदही घेतले. पुण्याचा संघ मात्र पहिल्या दोन्ही हंगामांत तळाशी राहिला. ज्या शहरात या खेळाला नियमांची चौकट देण्याचे आरंभीचे प्रयत्न झाले, त्या शहराच्या नावाचा संघ शेवटचा यावा, ही गोष्ट पुणेकरांना झोंबणारी होती.

मग पुण्याने अनुभवी खेळाडू घेतले. दिल्लीच्या मनजित छिल्लरच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दोन्ही हंगामांत संघ तिसरा आला. २०१८ साली नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख रुपये मोजले, तरी त्या हंगामात बाद फेरीही गाठता आली नाही. पैशाने खेळाडू येतो. संघ येतोच असे नाही, हा धडा पुण्याला असा महागात मिळाला. त्यानंतरच्या वर्षांत संघाचा कल तरुणांना हाताशी धरून घडविण्याकडे वळला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका गरीब घरातून आलेला अस्लम इनामदार २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या हंगामात प्रथम मैदानात उतरला. आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी मराठी नावे संघात दिसू लागली. २०२२ साली संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि जयपूरकडून ३३-२९ असा हरला.

पुढच्या वर्षी घडले ते अधिक उद्बोधक आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण यांची वादळी लढत झाली. भारतीय संघात अस्लम होता, तर इराणकडे महंमदरझा शादलुई. दोनच दिवसांनी सुरू झालेल्या लिलावात पुण्याने शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. परवाचा प्रतिस्पर्धी आज सहकारी झाला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक गुण शादलुईचेच होते. म्हणजे पैसा येथेही ओतला गेला होता; फरक इतकाच की तो घरच्या मुलांनी धरलेल्या पायावर चढविलेला मजला होता.

येथे चीनचेच एक उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे १९९५ साली बास्केटबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्यावर आरंभी सत्ता गाजविली ती ‘बायी’ या लष्कराच्या संघाने. बायी म्हणजे आठ-एक, अर्थात १ ऑगस्ट, हा लालसेनेचा स्थापना दिन. या संघात परदेशी खेळाडूला मज्जाव होता. सरकारी पगारावर पोसलेल्या या संघाने पहिली सहा आणि एकूण आठ विजेतेपदे जिंकली. पण इतर संघ पैसा आणि परदेशी खेळाडू यांच्या बळावर पुढे गेले, बायी मागे पडला आणि २०२० साली लीगमधून कायमचा बाहेर पडला. शांघायच्या संघाची कथा याहून निराळी आहे. याओ मिंग हा त्याच शहरातला मुलगा. २००२ साली संघाला विजेतेपद मिळवून देऊन तो अमेरिकेला गेला, आणि २००९ साली संघ आर्थिक अडचणीत सापडला तेव्हा त्यानेच तो विकत घेतला. एका संघामागे सरकार होते. दुसऱ्यामागे आपल्या शहराचे ऋण मानणारा माणूस होता. पहिला राहिला नाही, दुसरा राहिला.

पुण्याच्या संघाने यातून काय घ्यावे? २०२५ च्या हंगामातही तो अंतिम फेरीत पोहोचला आणि दिल्लीकडून ३१-२८ असा हरला. पण त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. पुण्यात एकही झाला नाही. संघ ‘पुणेरी’, आणि पुणेकराने तो पाहायचा दूरचित्रवाणीवर! मैदानाशी नाते तुटले की नाव हे केवळ बिरुद उरते, आणि बिरुद उद्या दुसऱ्या मालकालाही लावता येते. दुसरी उणीव मुलींची. लीगने २०१६ साली महिलांच्या तीन संघांची स्पर्धा घेतली, पण ती पुढे चालू ठेवली नाही. ललिता बाबर यांच्या तालुक्यातील कबड्डी खेळणाऱ्या मुलीने लीगकडे कोणत्या आशेने पाहावे?

लिलावाला नाके मुरडण्यात अर्थ नाही. खेळाडूच्या घामाला दाम मिळू लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु लिलावात बोली लागते ती तयार खेळाडूवर. तो तयार होतो शाळेच्या मैदानावर, एखाद्या शिक्षकाच्या शिटीवर, आणि त्या शिक्षकाच्या श्रमावर कोणी बोली लावत नाही. व्यावसायिक संघांनी आपल्या उत्पन्नातील ठरावीक वाटा राज्यातील तालुक्यांच्या मैदानांकडे वळवावा, शासनाने शाळांना पूर्णवेळ क्रीडाशिक्षक द्यावेत आणि वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताने गिळू नये, या मागण्या अवाजवी नाहीत.

लिलावात घेतल्या जाणाऱ्या खेळाडूंची संख्या मोजकीच असते. माणमधील शंभर मुलांपैकी एखादाही तेथवर पोहोचेल, अशी हमी कोणी देऊ नये. उरलेल्या नव्याण्णवांचे काय, याचा विचार संघमालक करणार नाहीत. तो शाळेने, पालकांनी आणि शासनानेच करावयाचा आहे. नोकरीची जुनी वाट त्यासाठीच उघडी राहिली पाहिजे. दोन्ही वाटा शाबूत असतील, तर आरंभीच्या प्रश्नाला बापाला धीराने उत्तर देता येईल. नाही तर पलटणी येतील आणि जातील, आणि माणचे मैदान होते तसेच पावसाची वाट पाहत पडून राहील.