संगणकाच्या पडद्यावरील कार्यपट्टी : तिची मांडणी व शालेय कामातील उपयोग

संगणक सुरू केल्यावर पडद्याच्या तळाशी जी अरुंद आडवी पट्टी दिसते, तिला टास्कबार म्हणतात. मराठीत तिला कार्यपट्टी म्हणणे सोयीचे होईल. संगणकावरील प्रत्येक कामाची सुरुवात बहुधा याच पट्टीवरून होते. तथापि ती आपल्या कामानुरूप मांडून घेता येते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. संगणक दुकानातून जसा आला तसाच वर्षानुवर्षे वापरला जातो, आणि शाळेच्या कधीही उपयोगी न पडणारी चिन्हे त्या पट्टीवर जागा अडवून बसतात.

हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु मालवण, देवगड व वेंगुर्ले या तालुक्यांच्या किनारपट्टीवरील वाड्यावाड्यांतून ज्या लहान शाळा आहेत, त्यांच्या दृष्टीने तो तसा नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. त्या दोघांनी सर्व इयत्ता सांभाळावयाच्या असतात. त्यांतील एक जण संगणकापुढे बसला की सर्व वर्ग दुसऱ्यावर पडतात. युडायस प्लस, सरल, शालार्थ, पोषण आहार या नोंदी टाळता येण्याजोग्या नाहीत. २०२२-२३ पासून तर युडायस प्लसवर प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्रपणे भरावी लागते. तेव्हा वाचविता येईल तो वेळ शोधाशोधीचाच. समजा, फाइल कोठे ठेवली, संकेतस्थळ कोणते, उघडलेला तक्ता कोठे गेला, यांत रोज दहा मिनिटे गेली. त्याच कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० कामाचे दिवस व ८०० तास अध्यापन ठरविले आहे. दोनशे दिवसांची दहा-दहा मिनिटे म्हणजे दोन हजार मिनिटे, अर्थात तेहतीस तासांहून अधिक. दिवसास चार तास अध्यापन धरले तर हे आठ दिवसांचे शिकविणे झाले.

ही पट्टी मुळात निर्माण झाली तीदेखील नवशिक्यांची अडचण ओळखूनच. विंडोजच्या त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत एखादी चौकट लहान केली की तिचे छोटे चिन्ह पडद्याच्या तळाशी जाऊन बसे, आणि दुसरी चौकट त्यावर आली म्हणजे ते झाकले जाई. दिसत नाही म्हणजे ते काम नाहीसेच झाले, असा नवशिक्यांचा समज होई, व ते तेच काम पुन्हा नव्याने उघडीत. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये म्हणून कधीही न झाकली जाणारी अशी ही पट्टी आणि तिच्या कडेस ‘स्टार्ट’ हे बटण देण्यात आले. पुढे २००९ साली विंडोज ७ बरोबर, नेहमीच्या कामांची चिन्हे पट्टीवर कायमची टाचून ठेवण्याची सोय आजच्या स्वरूपात आली. एकच तक्ता तीन वेळा उघडून तिसऱ्यातच नोंदी करणे व पहिला जतन करणे, हा घोटाळा आजही शाळांतून घडतो. त्याचे मूळ तीस वर्षांपूर्वीच्या त्या अडचणीतच आहे.

चिन्ह टाचण्याची कृती सोपी आहे. हवे ते काम उघडावे. पट्टीवर त्याचे चिन्ह दिसू लागते. त्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबावी व येणाऱ्या यादीतून ‘पिन टू टास्कबार’ निवडावे. नको असलेल्या चिन्हावर याच रीतीने ‘अनपिन फ्रॉम टास्कबार’ निवडले की ते पट्टीवरून जाते. येथे पुष्कळ शिक्षकांना धास्ती वाटते की, चिन्ह काढले तर ती सोय संगणकातूनच पुसली जाईल. तसे होत नाही. भिंतीवरील खुंटीचा सदरा काढून पेटीत ठेवावा, इतकाच त्याचा अर्थ. चिन्हे माउसने धरून डावीउजवीकडे सरकविता येतात.

किती चिन्हे ठेवावीत? नऊपेक्षा अधिक ठेवू नयेत हे उत्तम. सहासात पुरेशी आहेत. यास कारण आहे. कळफलकावर विंडोजचे चिन्ह असलेली जी कळ असते, ती दाबून धरून १ हा अंक दाबला असता पट्टीवरील पहिले काम उघडते, २ दाबला असता दुसरे, आणि याप्रमाणे ९ पर्यंत. क्रम एकदा ठरला व बदलला नाही, तर बोटांना तो आठवड्याभरात पाठ होतो. हा क्रम मात्र आवडीनुसार नव्हे, तर कामाच्या नित्यतेनुसार लावावा. फाइली ठेवण्याचा फाइल एक्सप्लोरर, इंटरनेटचा ब्राउझर, तक्त्यांचे एक्सेल, पत्रव्यवहाराचे वर्ड व पोषण आहाराची रोजची नोंद ही पट्टीवर असावीत. शालार्थमधील वेतनदेयक महिन्यातून एकदाच लागते; युडायस प्लसचे काम वर्षातील ठराविक काळातच येते. अशी स्थळे पट्टीवर न टाचता ब्राउझरच्या ‘फेव्हरिट्स’ यादीत ठेवावीत. वर्गात खडू, पुसणे व हजेरीपट मेजावर असतात. नकाशे कपाटात असतात आणि भूगोलाच्या तासाला बाहेर येतात.

संकेतस्थळ टाचण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो वेळेच्या बचतीहून मोठा आहे. एज या ब्राउझरमध्ये ते स्थळ उघडून वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांच्या यादीतून ‘मोअर टूल्स’ व त्यातून ‘पिन टू टास्कबार’ असे निवडता येते. नेहमीची सवय अशी की, शोधयंत्रात नाव लिहावयाचे व जे पहिले येईल त्यावर दाबावयाचे. शोधयंत्रात वर येणारे पहिले स्थळ जाहिरात असू शकते. शासकीय स्थळासारखी हुबेहूब दिसणारी बनावट स्थळेही असतात, आणि तेथे लिहिलेला संकेतशब्द परक्याच्या हाती पडतो. म्हणून एकदाच, वरिष्ठ कार्यालयाच्या पत्रात दिलेला पत्ता अक्षर न अक्षर ताडून स्थळ उघडावे. शासकीय पत्त्याचा शेवट सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो हे पाहावे. आणि मग ते टाचावे. पुढे प्रत्येक वेळी शोध घेण्याचे कारण उरत नाही.

फाइलींचेही असेच आहे. पट्टीवरील एक्सेलच्या चिन्हावर उजवी कळ दाबली असता अलीकडे उघडलेल्या तक्त्यांची यादी येते. चालू वर्षाचा हजेरीचा तक्ता वा पोषण आहाराचा साठा यांच्या नावाशेजारी टाचणीचे लहान चिन्ह दिसते. ते दाबले की ती फाइल त्या यादीत कायम राहते. फाइल एक्सप्लोररच्या चिन्हाखाली चालू शैक्षणिक वर्षाची घडी, म्हणजे फोल्डर, याच रीतीने ठेवता येते. जून महिन्यात मात्र मागील वर्षाची टाचणी काढून नवीन वर्षाची लावण्यास विसरू नये. तसे न झाल्यास नव्या नोंदी जुन्या तक्त्यात जातात.

विंडोज ११ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, तेव्हा पट्टीवरील चिन्हे मध्यभागी आली व त्यांच्यापुढील नावे नाहीशी झाली. जुन्या सवयीच्या शिक्षकांना हे अडचणीचे झाले. पट्टीच्या मोकळ्या जागी उजवी कळ दाबून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडावे व त्यातील ‘टास्कबार बिहेविअर्स’ या भागात पट्टीचा रोख डावीकडे करून घ्यावा. त्याच ठिकाणी, चिन्हे एकत्र करून नावे लपवावीत की नाही, असा पर्याय आहे. २०२३ मध्ये तो परत देण्यात आला. तेथे ‘नेव्हर’ निवडावे. असे केल्याने उघडलेला प्रत्येक तक्ता आपल्या नावासह वेगळा दिसतो, आणि वर सांगितलेला तीनदा उघडण्याचा घोटाळा टळतो. फाइलींची नावे ‘बुक १’, ‘नवीन’, ‘नवीन २’ अशी असतील तर अर्थातच काही उपयोग नाही. विंडोज १० असलेल्या शाळांतही यांतील बहुतेक कृती होतात. मात्र त्या आवृत्तीस मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे लक्षात असू द्यावे.

त्याच सेटिंग्जमध्ये ‘विजेट्स’ नावाची सोय बंद करावी. तिच्यावर माउस नुसता गेला तरी बातम्या व चित्रे उघडतात. जेथे शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलवरून संगणकास इंटरनेट पुरविले जाते, तेथे हा खर्च त्याच्या खिशातून होतो. अशा शाळांनी पट्टीच्या उजव्या टोकाकडील जोडणीच्या चिन्हातून त्या जोडणीच्या माहितीत जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ हा पर्यायही चालू करावा. त्यामुळे विंडोज आपल्या मोठ्या दुरुस्त्या परस्पर उतरवून घेण्यास आळा बसतो.

पट्टीचे हे उजवे टोक सर्वांत दुर्लक्षित व खरे पाहता सर्वांत बोलके असते. लिहिण्याची भाषा कोणती, हे तेथे दिसते. मराठी व इंग्रजी हे दोन्ही कळफलक बसविलेले असतील, तर विंडोजची कळ व लांब कळ, म्हणजे स्पेस, एकत्र दाबून भाषा बदलते. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक शिकणे दीर्घकाळ फायद्याचे आहे. त्यात स्वर डाव्या व व्यंजने उजव्या हाताखाली येतात. पण एक अडचण नेहमी येते. संकेतशब्द लिहिताना अक्षरांऐवजी केवळ ठिपके दिसतात. त्या वेळी मराठी कळफलक चालू असला तर शब्द बरोबर असूनही स्थळ तो नाकारते, आणि दोनचार प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद पडू शकते. संकेतशब्द लिहिण्यापूर्वी नजर एकदा त्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे.

लॅपटॉप असल्यास विद्युत्‌घटात शिल्लक किती, हेही तेथेच कळते. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर किनाऱ्यावरील वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर तर काही गावे दिवसचे दिवस अंधारात होती. मोठ्या संगणकास जोडलेल्या यूपीएसचे चिन्ह पट्टीवर बहुधा येत नाही. तेथे कंट्रोल व एस या कळा दर काही ओळींनंतर दाबून काम जतन करणे, याला पर्याय नाही.

आणि घड्याळ. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडते, संगणक लावला जातो, इंटरनेटची जोडणीही मिळते. तरी एकही शासकीय स्थळ उघडत नाही व ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी प्रथम पट्टीच्या कोपऱ्यातील दिनांक पाहावा. तेथे कित्येक वर्षांपूर्वीचा दिनांक असेल, तर दोष इंटरनेटचा नव्हे. प्रत्येक सुरक्षित स्थळाजवळ ठराविक मुदतीचे प्रमाणपत्र असते; संगणकाचा दिनांक त्या मुदतीबाहेर असला की त्यास ते खोटे वाटते. दिनांक चालू ठेवणारा नाण्याएवढा तीन व्होल्टचा घट संगणकाच्या पेटीत असतो. तो संपला की वीज बंद होताच घड्याळ मागे जाते. घट स्वस्त असतो व बदलणे अवघड नाही. तो आणेपर्यंत रोज संगणक लावताच दिनांक हाताने दुरुस्त करून काम चालविता येते.

पट्टीची ही सारी मांडणी ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असते. म्हणून दोघे शिक्षक एकच संगणक वापरीत असतील तर दोघांची खाती वेगळी असावीत. एकाने लावलेला क्रम दुसऱ्याने मोडण्याचा प्रश्न राहत नाही. मुलांसाठी तिसरे खाते उघडावे व त्याच्या पट्टीवर चित्र काढण्याचे पेंट, गणनयंत्र आणि वाचनाच्या गोष्टींची घडी एवढेच ठेवावे. त्या खात्यास प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत, आणि शिक्षकांच्या खात्यांना संकेतशब्द असावा. म्हणजे चौथीतील एखादा उत्साही विद्यार्थी वेतनदेयकाच्या तक्त्यापर्यंत पोहोचणार नाही.